गाडीवरचं डांबर

लढाईच्या त्या वर्षी माझ्या मिस्टरांच्या कारखान्यात ट्रक तयार व्हायचे थांबतच नव्हते. भोंगा कधीही वाजायचा आणि हे कधीही घरी यायचे. आम्ही जबलपुरात, चेरीतालला राहत होतो. रिछाईकडचा रस्ता ट्रकांच्या वर्दळीने पार उखडला होता, म्हणून पावसाळा संपताच त्यावर घाईघाईने डांबर टाकणं सुरू झालं होतं.

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. घरात सासूबाई, आम्ही दोघं, आणि माझी थोरली जाऊ. तिला मी ताई म्हणायची. तिचे मिस्टर, म्हणजे माझे भाऊजी, फौजेत कॅप्टन होते. ते सुट्टीवर आले आणि येताच त्यांनी एक जुनी फिकट निळी गाडी विकत घेतली. ताईला गाडी शिकवायची हा त्यांचा हट्ट.

एका दुपारी दोघं रिछाईच्या बाजूला गेले, तिकडे गर्दी कमी म्हणून. परत आले तेव्हा गाडी ओळखू येईना. चाकं काळी, दारांच्या खालच्या अंगाला काळे शिंतोडे, मागच्या मडगार्डच्या आत डांबर आणि बारीक खडीचा लगदा. ताईने ओल्या डांबरातून गाडी नेली होती.

"मजूर ओरडून राहिले होते, मॅडम, रोको, रोको," भाऊजी हसत हसत सांगत होते, "आणि मॅडम ब्रेकऐवजी दुसरंच काही दाबून राहिल्या!"

ताई पदराआड तोंड लपवून हसत होती. सासूबाई चिडल्या. "नवी गाडी अशी काहून केली रे? आत्ताच पुसून काढ."

"जुनी आहे, आई. उद्या काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तार आली. सुट्टी रद्द. भाऊजींनी दुपारची आगगाडी पकडली. टांग्यात बसताना त्यांनी निळ्या गाडीकडे पाहिलं आणि ताईला म्हणाले, "हात नको लावू तिला. मी आल्यावर काढू दोघं."

थंडीत लढाई सुरू झाली. आम्ही खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवले. लढाई लवकरच संपलीही. रस्त्यात लोक पेढे वाटत होते, तेव्हा आमच्याकडे निरोप आला की कॅप्टन बेपत्ता आहेत. मेले असं कुणी म्हणालं नाही, कैदेत आहेत असंही नाही. पुढे कैदी सुटून आले, त्यांच्यातही ते नव्हते. एकाने सांगितलं, त्याने त्यांना शेवटचं चालताना पाहिलं होतं. कुठे चालताना, ते त्याला सांगता आलं नाही.

गाडी अंगणात उघड्यावर उभी राहिली. मिस्टर एकदा बादली घेऊन गेले, तर ताई दारात येऊन यांना, आपल्या धाकट्या दिराला, म्हणाली, "भाऊजी, राहू द्या." बस, एवढंच. ते बादली तशीच घेऊन परत आले.

मग उन्हाळा लागला. जबलपूरचा मे महिना, भर दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. त्या उन्हात मडगार्डच्या आतला डांबराचा थर मऊ व्हायचा आणि वास घरात शिरायचा. ताज्या रस्त्याचा वास. पहिल्यांदा तो आला तेव्हा सासूबाई झोपेतून उठल्या, सरळ फाटकापाशी गेल्या आणि कडी काढून उभ्या राहिल्या.

"आई, काय झालं?" मी धावत गेले.

"गाडी आली ना त्याची," त्या म्हणाल्या. "आत्ताच आली. वास नाही आला तुला?"

मी त्यांना आत आणलं. वळून पाहते तर ताई खिडकीशी उभी होती. तीही फाटकाकडेच पाहत होती.

त्यानंतर हे रोजचंच झालं. ऊन चढलं, वास आला, की फाटकाची कडी वाजायची. पावसाळ्यात थांबायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू व्हायचं. खोटं काय सांगू, मलाही कधीकधी त्या वासासोबत इंजिन बंद झाल्याचा आवाज ऐकू यायचा. मी कुणाला बोलले नाही. हातातलं काम सोडून श्वास धरून बसायची, एवढंच.

तिसऱ्या उन्हाळ्यात सासूबाई अनवाणी गेल्या आणि फाटकापाशीच कोसळल्या. तळव्यांना फोड आले. ताईने त्यांचे पाय मांडीवर घेऊन तूप लावलं. त्या बडबडत होत्या, "एवढ्या जवळ येतो आणि आत काहून येत नाही गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यांना म्हणाली, "भाऊजी, कारखान्यात डांबर कशाने काढतात?"

यांनी पाहिलं तिच्याकडे. मग हळूच म्हणाले, "घासलेटने, वहिनी. चिंधी भिजवून ठेवून द्यायची, फुगलं की पुसायचं. ब्लेड नका लावू, रंग जाईल. चाकांना लाकडाची चीप चालेल."

आम्ही तिघांनी गाडी ढकलत कडुनिंबाच्या सावलीत नेली. टायरांत हवा नव्हती, ती घसटतच गेली. ताईने जुनं धोतर फाडून चिंध्या केल्या. कॅप्टन भाऊजींचं होतं. मी थबकले, तर म्हणाली, "मऊ आहे, रंगाला चरा पडणार नाही."

ती दारांशी बसली, मी चाकांशी. भिजलेली चिंधी डागावर दाबून धरायची, कडा तपकिरी होऊन ओघळू लागल्या की एकदाच पुसायचं, मग नवी चिंधी. मडगार्डमधला थर मी चिपेने खरवडला, तो खडीसकट ढेकळांनी पडला. शेवटी तिळाच्या तेलाचा हात, मग साबणाचं पाणी. दुपार होईपर्यंत डांबर निघालं होतं.

पण दार धुऊन पुसलं तेव्हा ताई मागे सरकली. डाग जिथे जिथे होते, तिथे तिथे गडद निळे ठिपके दिसत होते. बाकीचा रंग उन्हाने उडाला होता, डांबराखालचा तसाच राहिला होता. एकूणएक शिंतोडा आपल्या जागी होता, फक्त काळ्याचा निळा झाला होता.

"बघ," ती म्हणाली. तिने एका ठिपक्यावर बोट ठेवलं, बराच वेळ. मग ती रडली, तिथेच जमिनीवर बसून. तीन वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहत होते.

वास गेला. सासूबाई दुपारच्या झोपू लागल्या, पण बोलणं कमी केलं. दोन पावसाळ्यांनी त्या गेल्या. गाडी रिछाईच्या एका मेकॅनिकने नेली, रंग नवा देईन म्हणाला.

ताई राइट टाउनच्या एका शाळेत शिकवू लागली. शाळेच्या एका कार्यक्रमाला मी गेले होते. नव्या आलेल्या एका बाईंनी चहा घेता घेता तिला विचारलं, "दीदी, आपके मिस्टर क्या करते हैं?"

"फौज में हैं," ताई म्हणाली, आणि त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

"अच्छा, कहाँ पोस्टिंग है?"

"बॉर्डर पे."

घरी येताना ऑटोत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. तिने पदर सारखा केला, रात्री भाजी कोणती करायची ते मला विचारलं. मी म्हटलं, वांगी आहेत.