हुस्नबानूंच्या हातात बंब

हुस्नबानू शिकलगार यांचं लहानपण अग्निशमन केंद्रामागच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील शहराच्या बंबावर ड्रायव्हर होते. पुढे लग्न झालं, बँकेत कॅशियरची नोकरी झाली, निवृत्तीही झाली. पण रस्त्यावरून बंब गेला की त्या अजूनही हातातलं काम टाकून गॅलरीत येत. मुलगा अझीम चेष्टा करायचा. त्यानेच एके दिवशी फोनवर दाखवलं, की जुन्या बंबांचे शौकीन दर महिन्याला वारज्यात भेटतात. म्हणाला, जाऊन तर बघ.

हा गट चालवते स्वराली नावाची आयटीतली मुलगी. बैठक व्हायची बद्रीनाथ सावर्डेकरांच्या घरी. सावर्डेकर नौदलातून निवृत्त झालेले. नौदलाच्या विमानतळावर धावपट्टीशेजारी जो बंब उभा असतो, त्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. पहिल्या बैठकीला हुस्नबानू गेल्या तेव्हा खोलीत बाकी सगळे पुरुष. कुठल्या बंबाचा पंप किती पाणी फेकायचा, कुणाचं इंजिन चढावर दमायचं, यावर वाद चालला होता. सावर्डेकरांचं म्हणणं, शहराचे बंब म्हणजे पाण्याचे टँकर, त्यांना फक्त घंटा लावलेली.

स्वरालीने हुस्नबानूंना बोलायचा आग्रह केला. त्या सांगू लागल्या. घंटा वाजली की क्वार्टर्समधले पुरुष ताटावरून उठायचे. बायका ताटं झाकून ठेवायच्या आणि दारात येऊन बसायच्या. बंब परत येताना वळणावरच आवाजावरून आईला कळायचं, की गाडी वडील चालवताहेत की दुसरं कुणी. दुसरं कुणी असलं, की ती उभी राहायची.

सावर्डेकर म्हणाले, "हे सगळं ठीक आहे हो. पण ज्याने गाडी चालवली नाही, त्याला गाडी काय कळणार?"

हुस्नबानूंनी चहाचा कप खाली ठेवला. "मग शिकवा चालवायला."

कुणीतरी हसलं. सावर्डेकर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, काय काय चालवता? स्कूटर, त्या म्हणाल्या. "बरं. रविवारी हडपसरला या. साडी नको, चपला नकोत."

हडपसरच्या एका कारखान्याच्या आवारात गटाचा बंब उभा असतो. शहराच्या ताफ्यातून लिलावात निघालेला, भंगारात जाता जाता वाचवलेला. वडिलांच्याच बंबाच्या जातीचा. हुस्नबानू सलवार-कमीज आणि नातवाचे बूट घालून गेल्या. चढताना पहिल्या पायरीवरच गुडघा दुखला. लहानपणी या गाडीला हात लावायची परवानगी नव्हती; वडिलांचा तो नियम कडक होता. आता स्टिअरिंगवर हात ठेवला आणि त्यांना क्षणभर चोरी केल्यासारखं वाटलं.

जुन्या गिअरला डबल क्लच लागतो. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, पाय सोडायचा, पुन्हा दाबायचा, मगच पुढचा गिअर. नाहीतर गाडी अशी करकरते, की वॉचमनही वळून बघतो. पहिल्या रविवारी वॉचमन बऱ्याचदा वळला. दुसऱ्या रविवारी त्यांनी बंब मागे घेताना रिकाम्या पिंपावर घातला. सावर्डेकर खाली उतरले, चेपलेलं पिंप बघितलं आणि म्हणाले, आग लागली असती तर विझली असती, घाबरून.

दुपारी सावलीत डबे उघडून दोघं बसायचे. अशाच एका दुपारी सावर्डेकरांनी आपणहून सांगितलं. विमान उतरणार असलं की इंजिन चालू ठेवून कॅबिनमध्ये बसायचं. विमान सुखरूप उतरायचं, इंजिन बंद करायचं. पुन्हा पुढचं विमान.

"बायकोला वाटायचं, मी आगीशी लढतो. मी आयुष्यभर वाट बघितली, हुस्नबानू. एकदाच विमानावर फेस मारायची वेळ आली, आणि तो पायलट वाचला. पण यात सांगायला काय आहे?"

"आमच्या आईचं तेच काम होतं," त्या म्हणाल्या. "तिलाही कुणी विचारलं नाही."

सावर्डेकरांनी आपल्या डब्यातली भरली वांगी त्यांच्या झाकणात वाढली. त्यानंतर ते शहराच्या बंबांना टँकर म्हणाले नाहीत.

पावसाळा संपता संपता हुस्नबानू आवाराची पूर्ण फेरी गिअर करकरू न देता मारू लागल्या. मग त्यांनीच सुचवलं, की पुढच्या मेळाव्याला फक्त शौकिनांना नको, क्वार्टर्समधल्या घरच्यांनाही बोलवायचं. स्वरालीने जुने पत्ते शोधले, फोन केले. बरेच लोक शहर सोडून गेले होते. काही आले. त्यांत गोदाबाई होत्या, क्वार्टर्समधल्या शेजारच्या. त्यांचे यजमान त्याच ताफ्यात शिडीवर काम करायचे, आता नाहीत.

गोदाबाईंना बंबात चढवायला सावर्डेकर आणि स्वराली दोघं लागले. त्या हुस्नबानूंच्या शेजारी बसल्या, हाताने सीट चाचपली.

"केवढी कडक आहे गं. यावर बसून जायचे होय ते?"

"हो काकू."

"कधी बोलले नाहीत."

हुस्नबानूंनी गाडी हळू काढली. आवाराला वळसा घालून त्या परत सुरुवातीच्या जागी आल्या. खाली मंडळी टाळ्या वाजवत होती, स्वराली पुढच्या फेरीच्या लोकांना रांगेत उभं करत होती. गोदाबाईंनी पदर सारखा केला, पण उतरण्यासाठी हात काही पुढे केला नाही.

"जरा जोरात घे ना," त्या म्हणाल्या. "ते काय एवढे हळू थोडेच जात असतील?"

हुस्नबानूंनी रांगेकडे बघून थांबा अशी खूण केली आणि पुन्हा गिअर टाकला.