कॅलेंडरवरची संध्याकाळ

माझे फोटो हललेले असतात. हललेले म्हणजे मीच हलवते, मुद्दाम! शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात कॅमेरा सर्रकन ओढायचा. मग झाड झाड राहत नाही, डोंगर डोंगर राहत नाही, नुसते रंगांचे पट्टे उरतात. हे वेड मला चाळिशीत लागलं. येडगावच्या धरणाकाठी बांधावर उभी राहून मी कॅमेऱ्यासकट गिरक्या घेते, धपकन चिखलात बसते, एकटीच हसते. येणारेजाणारे गाडी थांबवून विचारतात, "वहिनी, चक्कर आली का?" आली की! त्यासाठीच तर येते मी.

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं बियाण्यांचं दुकान आहे. दरवर्षी गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटायचं, वर देवाचं चित्र आणि खाली तारखांचा गठ्ठा, हा माझ्या सासऱ्यांचा शिरस्ता. गेल्या वर्षी मी हट्टच धरला, चित्राच्या जागी माझा फोटो छापा. पप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा वर-खाली करून फोटो पाहिला. "हे काय, रंगाचा डबा सांडला का?" शेवटी म्हणाले, "छापतो. पण एक जरी कॅलेंडर परत आलं, तर कॅमेरा कपाटात आणि किल्ली माझ्याकडं." मी म्हटलं, मंजूर!

कॅलेंडर काय देखणं झालं होतं! वर केशरी आभाळ, त्याच्या कडेला एक पिवळी रेघ, मग हिरवं, मग निळं, खाली फिकट धुकं. मी येईल त्याला सांगायची, "येडगावची संध्याकाळ. ती पिवळी रेघ म्हणजे मावळतीची किनार बरं का!" लोक "लई भारी" म्हणत गुंडाळून न्यायचे. आठवडा झाला, एकही परत आलं नाही. मी नुसती हवेत तरंगत होते.

आणि एका सकाळी येडगावचे एक शेतकरी दुकानात शिरले, काखेत कॅलेंडर.

"शेठ, हे उलटं छापलंय राव."

पप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

शेतकरीदादांनी कॅलेंडर काउंटरवर उलटं फिरवून ठेवलं. "आता बघा. खाली ह्यो आमचा झेंडू. मागं ऊस, मग धरणाचं पाणी, वर आभाळ. संध्याकाळ कुठली, वहिनी? सकाळच्या पारी तुमी आमच्या बांधावर गरागरा फिरत व्हत्या. मी पंप चालू करत व्हतो ना."

अगं बाई! गिरकीत कॅमेरा हातातच उलटा झाला असणार. शेकडो फोटोंमधला तो कधीचा, हे माझं मलाच आठवत नव्हतं.

"तुमचाच झेंडू कशावरून?" पप्पांनी विचारलं.

"ही पिवळी रेघ बघा की. केशरी बियाणं तुमच्याकडंच संपलं व्हतं. तुमीच म्हनलात, कडंच्या सरीला पिवळं लाव. इसरलात व्हय?"

मेले! माझी मावळतीची किनार! काउंटर धरून मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पण कॅलेंडर तर परत आलं होतं. शब्द म्हणजे शब्द. आत जाऊन कॅमेरा आणला आणि पप्पांसमोर ठेवला. ठेवताना हात सुटेना. इतक्या वर्षांत एवढं वेड लावणारं दुसरं काही मला मिळालं नव्हतं, आणि आता तेही जाणार म्हणून रडू यायला लागलं.

पप्पांचं लक्षच नव्हतं. त्यांचं बोट त्या पिवळ्या रेघेवरून हळूहळू फिरत होतं.

"दोन पाकिटं दिली होती," ते म्हणाले. "चाळीस वर्षं बी विकतोय मी. झेंडू पाहिला तो फक्त पाकिटावरचा." मग शेतकऱ्याला विचारलं, "औंदा लावलाय?"

"लावलाय की! निम्मा फुललाय."

पप्पांनी चपला पायांत सरकवल्या, कॅमेरा उचलला आणि माझ्या गळ्यात अडकवला.

"चल," ते म्हणाले. "मलाही जरा चक्कर येऊ दे."