कोलकात्यातली कबुली

हावड्याला उतरलो तेव्हा एका हातात बेदाण्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात बहिणीने दिलेला चकल्यांचा डबा, आणि डोक्यात भाच्याचा फॉर्म घोळत होता. अनिकेत न्यू टाउनमधल्या एका कंपनीत आहे. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवणार होती, पण फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: आजवर कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? झाली होती. कॉलेजात असताना सांगलीच्या एस.टी. स्टँडवर दारू पिऊन गोंधळ घातल्याबद्दल त्याला दंड झाला होता. तेव्हा ‘कबूल आहे म्हण, दंड भर, तासाभरात सुटशील,’ हा सल्ला देणारा मीच. मी त्याचा मामा, आणि जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस. आता फोनवर हात झटकून कसं चालेल? म्हटलं, मी येतो, मग काय ते ठरवू.

हुगळी लाँचने ओलांडायची मला भारी हौस. घाटावरची पाटी बंगालीत होती. कुणाला तरी विचारायला हवं होतं, पण मी कसला विचारतोय! ऐटीत समोरच्या लाँचमध्ये चढलो आणि भलत्याच घाटावर उतरलो. अनिकेत तासभर दुसऱ्या घाटावर उभा. भेटल्यावर तो नुसता हसला आणि चकल्यांचा डबा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोचुरी (टम्म फुगलेली पुरी) आणि आलूर तोरकारी (बटाट्याची पातळ भाजी) खाल्ली. भाजीत साखर आहे म्हणून नाक मुरडलं आणि मग आणखी चार कोचुऱ्या मागवल्या. फॉर्मचा विषय मीही काढला नाही, त्यानेही नाही. शनिवार होता, म्हणून प्रवासाची बॅग घ्यायला एस्प्लनेडच्या बाजारात गेलो.

तिथे भर दुपारी एक गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभे राहून बसगाड्यांना हात दाखवत होते. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, पाय जमिनीवर ठरत नव्हते. मी मनातल्या मनात पंचनामा लिहायला घेतला: तोंडास उग्र दर्प, डोळे लाल, तोल जात असलेला. आमच्याकडे याची रवानगी थेट सरकारी दवाखान्यात तपासणीला आणि तिथून कोर्टात. पण पांढऱ्या गणवेशातला पोलीस सार्जंट आला, त्याने गृहस्थांना खांद्याला धरून सावलीत बसवलं, बटणं नीट लावली, भांडभर (मातीचा कप भरून) चहा पाजला आणि कंडक्टरला बजावून बसमध्ये चढवून दिलं.

मला राहवेना. केस का नाही केली, असं मी मोडक्या हिंदीत विचारलं. सार्जंटने मला आपादमस्तक न्याहाळलं.

“केस दिये की होबे, दादा? बाडी जाबे, बोउ बोकबे. ओटाई शाजा.” (केस करून काय होणार? घरी जाईल, बायको झाडेल. तीच शिक्षा.)

मग तोच म्हणाला की दुर्गापूजेच्या गर्दीत आम्हीही असे लोक गाडी भरून नेतो, आणि एखादा अधिकारी कडक असला तर रोजच नेतो. म्हणजे कायदा पुस्तकात असतो, आणि माणसाच्या नावावर काय चढतं ते कुठल्या गावात, कुणाच्या हाती तो सापडला त्यावर ठरतं. इतकी वर्षं दप्तरं बांधली, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

बॅग राहिली बाजूला. आम्ही एका झाडाखाली टेकलो. अनिकेतने मोबाईलवर फॉर्म उघडला. ‘नाही’ लिहू का, असं त्याने विचारलं. दंड किरकोळ होता, कोण शोधायला जातंय? मी त्याला विचारलं की त्या दिवशी स्टँडवर नेमकी किती प्यायला होतास?

“मी प्यायलोच नव्हतो, मामा. मित्राला घरी नेत होतो. तो माझ्या शर्टावर ओकला, म्हणून वास येत होता.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुम्ही विचारलंच नाही.”

भर बाजारात मी भाच्याचा हात धरून माफी मागितली. तो बिचारा कानकोंडा झाला, पण त्याने हात सोडवून घेतला नाही.

फॉर्ममध्ये आम्ही ‘होय’ लिहिलं. सोबत मी पानभर निवेदन जोडलं: काय घडलं, कबुलीचा सल्ला कोणी दिला आणि सल्ला देणाऱ्याने काय विचारलं नाही. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. आयुष्यभर लोकांचे जबाब लिहिले, स्वतःचा हा पहिलाच. मग पोटभर मिष्टी दोई (गोड दही) खाल्लं आणि बॅगही घेतली.

चार दिवसांनी परतीची गाडी रायपूर सोडत असताना अनिकेतचा फोन आला. कंपनीने निवेदन मान्य केलं होतं, जायचं पक्कं. डब्यातल्या सगळ्यांना मी घरी न्यायला घेतलेला संदेश (छेन्याची मिठाई) वाटला.

घरी पोहोचून दोन दिवस झाले नाहीत, तोच गल्लीतल्या सुमनताई मुलाला घेऊन दारात. पोराला आदल्या दिवशी स्टँडवर दारूच्याच प्रकरणात पकडलं होतं. मान खाली घालून उभा होता. ताई म्हणाल्या, “भाऊ, कबूल म्हणून मोकळं व्हावं ना?”

मी पोराला खुर्ची दिली, पाणी दिलं, समोर बसलो आणि विचारलं, “बाळा, काय झालं होतं?”