सांगलीच्या लाद्या

मालन निकम पडली तेव्हा तिच्या हातात ओल्या चादरींची बादली होती. कुवेतच्या रिग्गई भागातल्या त्यांच्या भाड्याच्या घरामागे चार खाटा मावतील एवढं अंगण होतं आणि त्यावर कधीकाळी घातलेला कोबा. उन्हाने तो तडकला होता आणि नळाच्या खाऱ्या पाण्याने धुऊन धुऊन त्याचे पापुद्रे निघाले होते. एका खड्ड्यात मालनचा पाय मुरगळला आणि उजवं मनगट मोडलं. सरकारी इस्पितळातली नर्स ती, आपल्याच इस्पितळात प्लास्टर घालून घरी आली. त्यावर तिचा नवरा, दिनकरराव, काय म्हणाला असेल? "चालताना खाली बघायचं, मालन."

मी शेजारी राहायचे. भिंतीपलीकडून हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी ती पुरती विझलेली नाही.

दिनकरराव कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंटंट. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. फक्त हा माणूस कुवेतमध्ये राहतच नव्हता. तो राहायचा सांगलीत, बांधायच्या असलेल्या बंगल्यात. बंगला कुठला? प्लॉट होता, त्याला तारेचं कुंपण होतं आणि आत बाभळी. पण बंगल्याचं सामान मात्र इथे जमत चाललं होतं. इटालियन बेसिन, जर्मन नळ, काचेचं झुंबर, आणि गच्चीसाठी खडबडीत, विटकरी रंगाच्या स्पॅनिश लाद्या. घराची एक अख्खी खोली या खोक्यांनी छतापर्यंत भरली होती. तिला आम्ही 'सांगली' म्हणायचो. मालन रात्रपाळी करून सकाळी यायची आणि हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायची, कारण सांगलीत तिची खाट मावत नव्हती.

"दोन वर्षांत परतच जायचंय," हे दिनकररावांचं पालुपद. चौऱ्याहत्तर साली ते आले तेव्हाही दोनच वर्षं उरली होती आणि एक्याऐंशीतही दोनच. आमच्या तिथल्या मराठी मंडळातले लोक वर कौतुक करायचे, की निकमांची राहणी किती साधी. कसली डोंबलाची साधी? कमवायचं दोघांनी आणि फुटक्या कपातून चहा प्यायचा एकीने, कारण चांगले कप सांगलीसाठी.

तिचं मागणं तरी केवढं होतं? कोबा नीट करावा आणि हिवाळ्यात ड्यूटीवरून आल्यावर तिथे उन्हात घटकाभर बसता यावं. दरवर्षी थंडी पडली की ती विषय काढायची. दिनकरराव म्हणायचे, दुसऱ्याच्या घरात पैसा कशाला घालायचा, आणि शिवाय मालक परवानगी देणार नाही. म्हणून मालन गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून स्वतः घरमालकाकडे गेली. अबू अहमद हसला. "अंगण कर, गच्ची कर, सिस्टर. मला काय? माझ्याकडे पैसे तेवढे मागू नकोस." ती आनंदाने घरी सांगायला आली. दिनकरराव वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "बघू."

पुढे त्यांच्या प्लॉटच्या शेजाऱ्याने कुंपण सरकवल्याचं कळलं आणि ते रजा टाकून सांगलीला धावले. बायको पडली तेव्हा या माणसाला अर्ध्या दिवसाची रजा मिळाली नव्हती. कुंपण सरकलं तर महिन्याची मिळाली.

तोवर मालनचं प्लास्टर निघालं होतं. पहिल्याच शुक्रवारी तिने पुंडलिकला बोलावलं. हा कणकवलीकडचा गवंडी. बांधकामाच्या कंत्राटावर आलेला, शुक्रवारच्या सुट्टीत बाहेरची कामं करायचा. त्याने कोबा फोडला, राडारोडा उचलला, मोरीकडे उतार काढला आणि विचारलं, "वयनी, लाद्यो खंय असत?"

मालनने त्याला सांगलीत नेलं. खोक्यांकडे बघून तो मागे सरला. ती खोकी त्यानेच एकदा टेम्पोतून उतरवली होती.

"ह्यो तर सायबांच्या बंगल्याच्यो. हंय कित्याक घालतास?"

"बंगल्याचा पाया खणलाय का, पुंडलिक?"

"नाय."

"अंगणाचा तू आत्ताच खणलास. घाल."

पहिलं खोकं तिने स्वतः फोडलं. पुठ्ठा नुसता ओरबाडून काढला. "हात दुखतोय का?" मी विचारलं. "नाही गं वीणा," ती म्हणाली, "राग आलाय. फार आधी यायला हवा होता."

दिनकरराव परतले तेव्हा अंगण तयार होतं. विटकरी, सपाट, एका कोपऱ्यात तुळशीपुरती माती सोडलेली. हातातली बॅग खाली न ठेवता ते मागच्या दारात उभे राहिले.

"अगं, या सांगलीच्या लाद्या."

"सांगलीत कोण राहतं?" मालन म्हणाली. "मी इथे राहते."

आठवडाभर ते मागच्या दाराकडे फिरकले नाहीत. मग म्हणाले, "निदान विचारायचं तरी." विचारायचं! सात हिवाळे ती दुसरं काय करत होती?

संक्रांतीला निकमांकडे सगळे जमले. ऊन कोवळं होतं, माणसं अंगणात खुर्च्या टाकून बसली आणि जो तो वाहवा करू लागला. दिनकरराव खुर्चीत रेलून म्हणाले, "मी म्हटलं, माणसाने राहतो तिथे नीट राहावं."

मी तिळगुळाची वाटी खाली ठेवली. आता बोलायचंच असं ठरवलं. पण मालन माझ्याआधी बोलली, चहाचे कप फिरवता फिरवता, अगदी गोड आवाजात.

"खरंय यांचं. मग पुढच्या शुक्रवारी ती खोलीही रिकामी करू या ना. बेसिन आणि नळ बसवून टाकते, झुंबर हॉलमध्ये लावू, म्हणजे त्या खोलीत माझी खाट मावेल. चालेल ना हो?"

सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणणार? दिनकररावांनी मान हलवली.

खोली रिकामी झाली त्यानंतरच्या एका सकाळी मी गरम धिरडी घेऊन गेले. त्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दिनकरराव अंगणात अनवाणी बसले होते, तळवे उन्हाने तापलेल्या लाद्यांवर टेकवून. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. मालन झोपलीय."

एवढं कळायला तिचं मनगट मोडावं लागलं, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ताटली ठेवली आणि गुपचूप परत आले. तोंड उघडलं असतं, तर तिची झोपमोड झाली असती.