इंजिनाचा आवाज येईल अशी गाडी

नवरा बोटीवरून कायमचा घरी आला, त्या वर्षी आम्ही मजेसाठी गाडी घ्यायचं ठरवलं. घरात एक गाडी होतीच. गॅस सिलिंडर, आंब्याच्या पेट्या, लग्नाला निघालेले नातेवाईक, सगळं तिच्यातून जायचं. ही दुसरी मात्र कुठल्याच कामाची नको, असं त्यांचं म्हणणं होतं. शनिवारी जयगडच्या फेरीबोटीने पलीकडे उतरून वेळणेश्वरला जायचं, संध्याकाळी परत यायचं. आणि कोल्हापूरकडच्या ट्रॅकवर काही रविवारी कुणालाही आपली गाडी आणून पळवता येते, तेव्हा आंबा घाट चढून तिथं जायचं.

त्यांनी उभं आयुष्य बोटीच्या इंजिन रूममध्ये काढलं. तिथलं इंजिन तीन मजली, संथ, रात्रंदिवस एकाच सुरात घुमणारं. त्यांना हवं होतं छोटं पेट्रोल इंजिन, जे पाय दाबला की वर चढत जातं आणि चढताना आवाज बदलतं. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या बंदरांतून फोनवर हेच ऐकलं होतं मी. गिअर कधी टाकायचा ते इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघून ठरवायचं नसतं, कानाने ठरवायचं असतं, असं ते म्हणत. एवढं एक सुख त्यांनी घरी आल्यावर घ्यायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं.

“पन्नाशीची बायको चालते, गाडी तेवढी सोळा वर्षांची हवी भावोजींना,” जाऊबाई म्हणाल्या.

“गाडी निदान सांगितलेलं ऐकते,” मी म्हटलं.

मी नेहमीप्रमाणे अटी लिहून काढल्या. गाडी हलकी हवी, कारण हलक्या गाडीला ताकद कमी असली तरी वळणावर मजा येते आणि ब्रेक-टायर कमी झिजतात. गिअर हाताने टाकायचे. मॉडेल इतकं सर्रास हवं की ब्रेक पॅड रत्नागिरीत मिळाले पाहिजेत. आधीच्या मालकाने इंजिनात किंवा सायलेन्सरमध्ये काही करामती केलेल्या नकोत. आणि गाडी घाटावरची हवी. आमच्याकडची खारी हवा दाराखालच्या पट्टीतून आत शिरते आणि वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून जाळी होते. त्यासाठी मी पर्समध्ये लोहचुंबक ठेवत असे. पत्रा सडला की लोक पुट्टी भरून रंग मारतात, आणि पुट्टीला चुंबक चिकटत नाही.

पहिली गाडी सावर्ड्याला पाहिली. मालकाचं हार्डवेअरचं दुकान होतं, गाडी साताऱ्याहून आणलेली. चुंबक सगळीकडे चिकटला. हे चालवायला बसले, मालक शेजारी, मी मागे. हायवेला लागल्यावर यांनी दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ताणली. इंजिन किंचाळायला लागलं तरी हात गिअरवर जाईना.

“साहेब, टाका, गिअर टाका,” मालक म्हणाला. मग त्याने स्वतःच गिअरच्या दांड्याकडे बोट केलं, तेव्हा यांनी टाकला.

खाली उतरल्यावर हे म्हणाले, “गाडी व्यवस्थित आहे. पण इंजिनात जीव नाही.”

मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, “वहिनी, एवढी केकाटली ती, अजून किती जीव पायजे?”

मला वाटलं, यांना मोठ्या इंजिनांची सवय, म्हणून हे फिकं वाटलं असेल. सावर्ड्यावर मी काट मारली.

दुसरी हातखंब्याच्या एका गॅरेजवाल्याकडे होती. सायलेन्सर बदललेला, म्हणजे माझी अट तिथंच मोडली होती. पण इतक्या लांब आलोच आहोत तर बघू म्हटलं. त्याने गाडी चालू केली तशी चहाच्या टपरीखाली झोपलेली कुत्री उठून निघून गेली. “वहिनी, कानाला पदर लावा,” तो हसत म्हणाला. माझा पंजाबी ड्रेस होता. मी ओढणी लावली.

यांचा चेहरा मात्र उजळला. पालीच्या दिशेने जाऊन आलो. या वेळी प्रत्येक गिअर जिथल्या तिथे पडला. एकदाही झटका बसला नाही. त्यांना इतकं हलकं होऊन चालवताना मी लग्नानंतरच्या पहिल्या रजेत पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

“हीच,” ते म्हणाले.

मी चुंबक लावला. डाव्या बाजूने तो खाली पडत राहिला. फ्लोअरमॅट उचलला तर खालचा रस्ता दिसत होता. “ही ट्रॅकवर अर्ध्यात राहील,” मी म्हटलं. गॅरेजवाल्याने वेल्डिंग करून देतो म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. घरी येईपर्यंत हे गप्प होते. रुसलेत असं मी धरून चालले.

तिसरी गाडी गावातच सापडली. मालक बँकेतून निवृत्त झालेले, गाडी कोल्हापुरात असताना घेतलेली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. माझ्या सगळ्या अटी पुऱ्या होत होत्या. हे आत बसले, किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं. मी खिडकीशी उभी राहून मालकांना क्लचबद्दल विचारत होते. हे थोडं थांबले. मग चालू इंजिनावर त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

आतून लोखंड लोखंडावर घासल्याचा कर्कश आवाज आला. मालक दचकून मागे सरले. यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गाडी चालू होत नसली की माणूस थोडा वेळ शांत राहून पुन्हा प्रयत्न करतो, तसे ते थांबले आणि पुन्हा किल्ली फिरवली.

मी खिडकीतून हात घालून त्यांचं मनगट धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर काट्याकडे. काटा शून्याच्या वर होता, स्थिर.

मालकांना म्हटलं, एक चक्कर मारून येतो. चालवायला मी बसले. भाट्याच्या पुलापलीकडे सुरूच्या झाडांखाली गाडी थांबवली आणि सगळ्या काचा वर केल्या.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“हं?”

“असं होऊन किती दिवस झाले?” मला ओरडावं लागलं. काचा वर असूनही शहाळीवाल्याने वळून बघितलं. नवऱ्याशी भांडणारी बाई वाटले असेन.

“बोटीवरची दोन-तीन कॉन्ट्रॅक्ट झाली असतील,” ते म्हणाले, तेवढ्याच मोठ्याने. “आधी बारीक आवाज गेले. मग बरेचसे.”

“मग बोटीवर चढण्याआधीच्या मेडिकलमध्ये कळलं नाही?”

“मेडिकलमध्येच अडकलो. नोकरी मी नाही सोडली. डॉक्टरने फिट दिलं नाही.”

बोट सोडून आले म्हणून मी वाडीला जेवण दिलं होतं. कोंबडी-वडे केले होते. आता पुरे झालं, स्वतःहून सोडली, असं हे प्रत्येकाला सांगत होते आणि लोक पाठीवर थापा मारत होते.

“सांगायचं होतंत.”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. “गाडी घेतल्यावर सांगणार होतो. म्हटलं, एखाद्या गाडीचं तरी ऐकू येईल.”

हे कळलं कसं नाही, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. आमच्या वाडीत राहिलेल्या कुणी विचारलं नाही. घरटी एक माणूस बोटीवर. इंजिनवाले घरी येतात ते मोठ्यानेच बोलत येतात. डेकवाला कोण नि इंजिनवाला कोण, हे आवाजावरून ओळखू येतं अशी आमच्याकडे थट्टा आहे. बायकाही फोनवर ओरडून बोलायला शिकलेल्या, कारण पूर्वी लाइन तुटायची. ती सवय समोरासमोरही सुटत नाही. टीव्ही प्रत्येक घरात मोठा. विचारलं एक आणि उत्तर दिलं भलतंच, तर ‘मन अजून बोटीवर आहे’ म्हणायचं आणि पुढे जायचं. सहा महिन्यांत माणूस ताळ्यावर येतो असा आमचा हिशेब असतो. मीही तोच धरला होता. मी वाट बघत होते की हे घरी रुळतील.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नसच गेली आहे, गेलेलं परत येणार नाही. चढे आवाज आधी जातात, घुमणारे जड आवाज मागे राहतात. म्हणजे हातखंब्याची गाडी आवडली ती याच्यामुळे. तेवढीच त्यांच्यापर्यंत पोचत होती. कानात मशीन बसवलं. त्याने माणसांचं बोलणं थोडं स्पष्ट झालं, भांड्यांचा आवाज असह्य झाला. इंजिन कसं वाटतं म्हणून मी विचारलं. “पत्र्यावर खडी ओतल्यासारखं,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. मोठ्या आवाजापासून दूर राहा, उरलंय तेही जाईल.

दवाखान्यातून परत येताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, “हातखंब्याची घेऊ. फ्लोअर नवीन टाकून घेऊ.”

मी लिहिलेली अट मी कधी मोडत नाही. त्यांनाही ते माहीत आहे.

“नको,” ते म्हणाले. “उरलंय ते घरात लागेल.”

बँकवाल्यांची गाडी घेतली. चांगली गाडी आहे. असली कुणाला घ्यायची असेल तर मी आजही हीच सुचवीन.

पुढच्या एका रविवारी ट्रॅकवर गेलो. आंबा घाट त्यांनीच चढवला, गिअर काट्याकडे बघून टाकत. घाटात ते जमतं. ट्रॅकवर हेल्मेट घालावं लागतं आणि हेल्मेटमध्ये मशीन शिट्टी मारतं, म्हणून ते काढून माझ्या हातात दिलं. मी जाळीशी उभी राहिले. काट्याकडे बघायचं म्हणजे वळणावरची नजर काढायची. ते प्रत्येक वळणाच्या खूप आधी ब्रेक लावत होते. सगळ्या गाड्या त्यांना मागे टाकून गेल्या. मागून कोण येतंय हेही त्यांना आरशात दिसेपर्यंत कळत नव्हतं. थोड्या फेऱ्यांनंतर ते आपणहून बाहेर आले.

कसं वाटलं, असं मी हाताने विचारलं.

“काटाच बघायचा तर घरी भिंतीवर घड्याळ आहे,” ते म्हणाले आणि हेल्मेट माझ्यापुढे धरलं. “तू जा. वेळ आहे अजून.”

मी गेले, मशीन माझ्या पर्समध्येच राहिलं. पहिल्या फेरीत रस्ता समजून घेतला. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर पाय दाबला आणि दाबून ठेवला. इंजिन आधी कुरकुरलं, मग एका जागी त्याचा आवाज मोकळा झाला, पातळ झाला आणि चढत गेला. गिअर कधी टाकायचा ते मला कुणी सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं ते फोनवर जे सांगत होते ते हेच. मी हो-हो म्हणत भाजी निवडत असायचे. आता हे त्यांना जाऊन सांगायचं कसं, ते मला कळेना. हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत, म्हणून मी वेग कमी केला आणि बाहेरचा रस्ता धरला.

तो रस्ता जाळीच्या मागून फिरून येतो. हे पाठमोरे उभे होते, दोन्ही हात जाळीवर, नजर शेवटच्या वळणावर. मी तिथून येईन म्हणून ते वाट बघत होते. मी त्यांच्या मागे अगदी जवळ गाडी थांबवली. इंजिन चालू होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही. माझा हात हॉर्नवर गेला. तो मी काढून घेतला.

इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि त्यांना दिसेन अशा बेताने लांबून वळसा घालून, जाळीच्या कडेने चालत त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मला पाहिलं, एकदा पुन्हा वळणाकडे पाहिलं, मग मागे वळून गाडीकडे.

“कधी आलीस?” त्यांनी विचारलं, इतक्या मोठ्याने की आजूबाजूचे सगळे बघायला लागले.

“आत्ताच,” मी म्हटलं.