एक आठवडा पुढे गेलेली सीनमावशी

सीन्त्ये पोलाकला बाजारात सगळे सीनमावशी म्हणत. आयसल नदीकाठच्या गावात तिनं चाळीस वर्षं चीज विकलं. आपण ज्यू आहोत हे आईनं तिला सांगितलं ते ती तिशीची झाल्यावर, तेही कुजबुजत. महायुद्धात जे सोसलं त्यानंतर आईनं देवाचं नाव काढायचंच सोडलं होतं.

गावातलं जुनं प्रार्थनाघर कित्येक वर्षं सायकलींचं गोदाम होतं. वीसेक कुटुंबांनी ते झाडूनपुसून पुन्हा उघडलं, तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी मावशी हिब्रू अक्षरं गिरवायला बसली. आता दोन वर्षांनी ती पहिल्यांदाच सगळ्यांपुढे तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचणार होती. तो चामड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेला; त्यात ना स्वरांच्या खुणा, ना म्हणायच्या चालीच्या. सगळं पाठच असावं लागतं. दर शनिवारी त्यातला ठरलेला भाग वाचतात; आपल्या भागाची सुरुवात ती महिनाभर घरी एकटीच घोकत होती.

शनिवारी सकाळी गुंडाळी उलगडली आणि मावशीचा चेहराच उतरला.

"मेनो, हे माझं नव्हे रे."

प्रार्थना चालवणारा मेनो पूर्वी दातांचा डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "पंचांग कुठलं बघितलंस?"

"हैफा शहरातल्या भाच्यानं तिकडून पाठवलेलं."

"मग झालंच! वल्हांडणाचा सण त्यांच्याकडे सात दिवस, आपल्याकडे आठ. यंदा आठवा दिवस शनिवारी आला, तेव्हा आपण सणाचं वाचलं आणि त्यांनी नेहमीचा पुढचा भाग; त्यामुळे ते आपल्यापेक्षा एक आठवडा पुढे आहेत."

"चीजवरची तारीख बरी बघतेस गं!" बाजारातली शेजारची मासेवाली हेटी म्हणाली.

सकाळचं मेनोनं वाचलं. मावशी मागच्या बाकावर डोळे पुसत बसली. वाचन संपल्यावर मेनो तिच्याजवळ आला.

"अगं, शनिवारी दुपारच्या प्रार्थनेत पुढच्या आठवड्याची सुरुवात वाचतात. म्हणजे तुझंच. आपल्याकडे ती होत नाही, कारण तिला दहा माणसं लागतात आणि जेवल्यावर तेवढी उरत नाहीत."

हे ऐकून हेटी दारात जाऊन उभी राहिली. "जेवून जो पळेल, त्याला सोमवारी माझ्याकडे हेरिंग मिळायचं नाही!"

"कालचं असेल तर नकोच," कुणीतरी म्हणालं. पण दोन वाजता मोजून चौदा जण होते.

मावशी वाचू लागली. आईवडिलांचा मान राखा. शेताचा कोपरा गरिबासाठी सोडा. एका शब्दावर जीभ अडखळली, तशी रिवाजाप्रमाणे चार जणांनी एकदम मोठ्यानं चूक सांगितली.

"ऐकलं, ऐकलं! बहिरी नाहीये मी," म्हणत तिनं तो शब्द नीट वाचला आणि शेवटापर्यंत गेली.

मेनो हसत म्हणाला, "पुढच्या शनिवारी सकाळी हाच भाग आहे. तूच वाच."

"वाचीन की," मावशी म्हणाली. "पण नुसती सुरुवात नको, पुढचंही शिकव. उद्याच येते."