पार्किंगमधून पाहिलेले सामने

अमिरातीतल्या कॉलेजांच्या मुलींच्या फुटबॉल स्पर्धेचा समग्र इतिहास या पृथ्वीवर एकाच माणसाला तोंडपाठ आहे, आणि त्या माणसाने त्यातला एकही सामना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. हा माणूस म्हणजे माझ्या नवऱ्याचे अल ऐनचे मामा. तिथल्या एका इस्पितळात यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. जन्म पुण्याचा, त्यामुळे खेळ एकच, क्रिकेट, आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीवर. फुटबॉलला त्यांचा पाय कधी लागला नव्हता. पण कोणत्या फायनलला शारजाच्या मुली रडत बसमध्ये चढल्या, वाळूच्या वादळाने कोणता सामना अर्ध्यावर थांबला, कुठल्या कॅप्टनचं लग्न ठरलं म्हणून ती सेमीफायनलला आलीच नाही, हे सगळं ते आदल्या दिवशी घडल्यासारखं सांगत. कॅलेंडर त्यांना लागतच नसे. आमच्या मुलाचा जन्म त्यांच्या लेखी ‘अबू धाबीच्या मुलींनी लागोपाठ दुसऱ्यांदा कप नेला, त्या हिवाळ्यात’ झाला, आणि हे त्यांनी भर बारशात, पाळणा थांबवून, जमलेल्या बायकांना समजावून सांगितलं होतं.

सामने न पाहण्यात त्यांचा काही दोष नव्हता. स्पर्धा सुरू झाली तेव्हा सगळे सामने मुलींच्या कॉलेजच्या आवारात, उंच भिंतीआड होत. पुरुषांना आत प्रवेश नव्हता, मग तो गोलकीपरचा बाप का असेना. मोबाईलसुद्धा गेटवर काढून ठेवावे लागत. मामांची एकुलती एक मुलगी सई अल ऐनच्या संघाची गोलकीपर होती. तेव्हा मामा भिंतीला लागून गाडी लावत, एसी चालू ठेवत आणि ऐकू यावं म्हणून काचही अर्धी खाली करत. आपण पेट्रोल जाळून अख्खं वाळवंट गार करतोय, असं मामींचं म्हणणं होतं. शेजारच्या सीटवर गेटचा वॉचमन येऊन बसे. तो पेशावरकडचा, म्हणजे तोही क्रिकेटवाला. दोघं कडक, वेलचीच्या करक चहाचे कागदी कप हातात धरून भिंतीकडे कान लावत आणि शिट्टी छोटी होती की लांब, आरडाओरडा डावीकडून आला की उजवीकडून, यावरून सामना रचत. ‘साहब, गोल हुआ?’ असं वॉचमन विचारी. मामा बोट वर करून त्याला गप्प करत, आणखी जरा ऐकत आणि मग अंपायरच्या थाटात मान हलवत.

निकालाची खातरजमा करायला साक्षीदार लागत. ते काम मामींचं आणि माझं. सामना असला की मी दुबईतल्या अल नहदाहून दीड तास गाडी हाकत जायची, कारण गेले नाही तर मामा वर्षभर ऐकवत. सामना संपून आम्ही गेटबाहेर आलो रे आलो की जबानी सुरू. मामींची जबानी अशी, की मुली फार दमल्या हो, त्या निळ्या कपड्यांतल्या मुलीचा गुडघा सोलवटला आणि तिची आई किती गोरी आहे. मी तर पहिल्या सामन्यात सईने चेंडू हातात धरला म्हणून आता तिला बाहेर काढणार या भीतीने डोळेच मिटून घेतले होते. मामा डोक्याला हात लावत. मग आमच्या या गोंधळातून आणि आपल्या कानांवर विसंबून ते जो स्कोअर सांगत, तो दर वेळी बरोबर निघे.

सई घरात इंग्रजीतच बोलायची. मामांनी मराठीत विचारायचं आणि तिने ‘बाबा, प्लीज, आय ॲम लेट’ म्हणून बूट चढवत निघायचं, हा रोजचा संवाद. मुलीला आपली भाषा दिली नाही, ही मामांच्या मनातली सल होती आणि ती ते प्रत्येक जेवणात वाढून दाखवत. पण मैदानात चेंडू अंगावर येऊ लागला की तिच्या तोंडून मराठी निघे. गोलकीपरने पुढे झेपावताना आपल्याच मुलींना बाजूला करायला ओरडायचं असतं, तेव्हा ती ‘माझा!’ म्हणून ओरडायची. ते भिंतीपलीकडून मामांना स्पष्ट ऐकू यायचं. पुढे काय झालं, ते मात्र आवाजावरून कळायचं नाही. म्हणून आम्ही बाहेर आलो की स्कोअरच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘पकडला का?’

पहिल्याच वर्षी अल ऐनच्या मुली जिंकल्या. एक-शून्य. अगदी शेवटी कोपऱ्यातून आलेला चेंडू सईने ‘माझा!’ म्हणत उंच उडी मारून छातीशी घेतला, आणि मी तो डोळे उघडे ठेवून पाहिला. कप मुलींच्या आयांनी वर्गणी काढून आणलेला होता. मामांनी तो पार्किंगमध्ये वॉचमनच्या हातात दिला आणि वॉचमनने तो आपल्या सदऱ्याने पुसून परत केला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, दुसऱ्या स्पर्धेच्या आधी, सई गेली. सकाळी मैत्रिणीच्या गाडीतून दुबईला निघाली होती. हायवेवर दाट धुकं होतं आणि पुढे गाड्या एकमेकींवर आदळून थांबल्या होत्या. तिचे अंत्यसंस्कार अल ऐनलाच झाले. अख्खी टीम बाहेर गाड्यांपाशी उभी होती, काळे अबाये घातलेल्या त्या मुली, आणि आत यायचं की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मामाच बाहेर जाऊन एकेकीला हाताला धरून आत घेऊन आले. मामी महिन्याभरात पुण्याला गेल्या त्या परतल्याच नाहीत. त्या घरात आपल्याला श्वास घेता येत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांना कुणी आग्रह केला नाही.

मामा राहिले. आणि दर वर्षी स्पर्धेला जात राहिले. इतिहास वाढतच गेला. गणपतीच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत ते कुणालाही गाठून गेल्या फायनलबद्दल सांगायला लागत. माणसं द्रोण घेऊन सटकायची आणि ते पुढच्याला धरायचे. पुढे सामने मोठ्या मैदानावर होऊ लागले, सर्वांना प्रवेश मिळाला, मोबाईलही चालू लागले. पण मामा पार्किंगमध्येच. मला याचा मनापासून राग यायचा. बाहेर उन्हात गाडीत बसायचं आणि मला आत पिटाळायचं, हा कसला विक्षिप्तपणा, असं मी नवऱ्याला कितीदा सुनावलं असेल. वॉचमनही नव्या गेटवर बदलून आला होता. तो म्हणायचा, ‘साहब, अब तो अंदर जा सकते हो।’ मामा म्हणायचे, ‘यहाँ से ठीक सुनाई देता है।’

मग साठी आली. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो. त्याच सुमाराला कानावर आलं, की नव्या क्रीडासंकुलाच्या भिंतीवर स्पर्धेच्या सगळ्या विजेत्यांची पाटी लागणार, आणि ती पाटी दुसऱ्या वर्षापासून सुरू होणार. पहिलं वर्ष त्यात नव्हतं. मामा एवढे हादरलेले मी सईच्या वेळी पाहिले होते, त्यानंतर तेव्हाच. जायच्या आधी एवढं एक झालं पाहिजे, म्हणाले. मला साक्षीला घेऊन ते क्रीडा विभागात गेले आणि सबंध वाटेत माझ्याकडून सामना घोकून घेतला. आतली अधिकारी बाई बैरूतची, सई आज असती तर तिच्याएवढी असेल. माझी साक्ष तिने शांतपणे ऐकली. पहिल्या वर्षी मोजकीच कॉलेजं होती, रेफरी अधिकृत नव्हता, म्हणून ते सामने मैत्रीपूर्ण धरले आहेत, असं तिने समजावलं. एखादा फोटो असेल तर बघता येईल, म्हणाली.

मामा हसले. ‘मॅडम, फोटो तो आपने ही निकालने नहीं दिया।’

ती ओशाळली. दारापर्यंत पोचवायला आली आणि ‘इन्शाल्ला, अंकल’ म्हणाली. इथे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला, कुठला इन्शाल्ला होकाराचा आणि कुठला नकाराचा, हे सांगावं लागत नाही.  पाटी लागली. पहिलं वर्ष त्यात नाही.

त्यांच्या इथल्या शेवटच्या फायनलला मी आत जायचं नाकारलं. म्हटलं, आज मी तुमच्याबरोबर बसते. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि काच खाली केली. बराच वेळ नुसता गलका. मी कंटाळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं. आणि मैदानातून एका मुलीचा आवाज आला, लांबवलेला, अरबी हेलाचा, पण चुकायची सोयच नाही असा.

‘माझाऽ!’

इतकी वर्षं आतल्या गलक्यात बसून मी तो कधी कान देऊन ऐकलाच नव्हता. मामा समोर भिंतीकडे बघत होते. सईच्या मागे उभी राहून शिकलेली राखीव गोलकीपर तसं ओरडू लागली, तिचं ऐकून पुढची, मग तिच्या पुढची, असं त्यांनी हळूहळू सांगितलं. या कॉलेजात गोलकीपरने असंच ओरडायचं असतं, एवढंच त्या मुलींना ठाऊक. का, ते आता कुणालाच माहीत नाही. ‘आत गेलं की ओरडणारीचं तोंड दिसतं गं,’ ते म्हणाले. ‘इथून नाही दिसत.’ मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘जा सूनबाई, पकडला का बघून ये.’ मी गेले. इतक्या वर्षांचा राग मनात होता, तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

मामा आता पुण्यात असतात. मामी आणि ते एका घरात राहतात, फारसं बोलत नाहीत, असं ऐकते. यंदाच्या फायनलला मी एकटीच गेले. अल ऐनची गोलकीपर या वर्षी नवी, किरकोळ अंगाची, जरा घाबरलेली होती. शेवटच्या मिनिटांत कोपऱ्यातून चेंडू आला, तशी ती ओरडून पुढे झेपावली. चेंडू तिच्या बोटांना लागून आत गेला. बाहेर येऊन मी भिंतीशेजारच्या त्या जागेजवळ उभी राहिले. तिथे दुसऱ्याच कुणाची गाडी होती. मी पुण्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

‘पकडला का?’

खोटं बोलायचं मी स्टँडच्या जिन्यातच ठरवलं होतं, पण त्या माणसाच्या इतिहासात मला चूक घालता येईना. ‘नाही, मामा,’ मी म्हणाले. ‘सुटला. हरल्या मुली.’



‘असू दे,’ ते म्हणाले. ‘ओरडली ना?’